तापीकाठचे बऱ्हाणपूर

मुमताजमहल म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आग्र्याचा ताजमहाल आणि यमुनेचा काठ उभा राहतो. पण मुमताजचा मृत्यू यमुनेकाठी झाला नाही. तो झाला आपल्या खानदेशच्या तापीकाठी, बऱ्हाणपुरात. भुसावळहून खांडव्याकडे जाणाऱ्या गाडीत बसावे, रावेर मागे पडले की थोड्याच वेळात बऱ्हाणपूर येते. आज हे शहर मध्य प्रदेशात असले, तरी त्याचा इतिहास आपल्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

शहराच्या नावापासूनच पाहा. इ.स. १४०० च्या सुमारास नासिरखान फारुकीने तापीच्या उत्तर तीरावर हे शहर वसवले आणि हजरत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. समोरच्या तीरावरचे जैनाबाद हे हजरत जैनुद्दीन शिराजी यांच्या नावाचे. हे दोन्ही सूफी खुल्दाबादच्या मातीत विसावले आहेत. म्हणजे बादशहाने शहर वसवले, पण नदीच्या दोन्ही काठांना नावे दिली ती फकिरांची!

उत्तर तीरावर, तापीच्या पात्राला लागून, शाही किल्ला उभा आहे. फारुकींनी बांधलेल्या या किल्ल्यात मोगलांनी पुढे भर घातली. १६०१ साली अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचे राज्य संपले. त्यानंतर दक्षिणेच्या स्वाऱ्यांसाठी बऱ्हाणपूर हा मोगलांचा मुख्य तळ बनला. किल्ल्याचा पुष्कळ भाग आता ढासळला आहे. हमामखान्याच्या छतावरची रंगीत नक्षी मात्र अजून पाहायला मिळते.

जून १६३१ मध्ये चौदाव्या अपत्याला जन्म देताना मुमताज येथेच वारली. पलीकडे जैनाबादच्या आहूखान्यात, म्हणजे हरणांच्या बागेत, तिला तात्पुरते दफन केले. सुमारे सहा महिन्यांनी तिचे शव आग्र्याला नेण्यात आले. ही हकिकत सर्वांना ठाऊक असते. त्याच दिवसांत दख्खन आणि गुजरातेत भीषण दुष्काळ पडला होता, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. शाहजहानने बऱ्हाणपुरात लंगर उघडले, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्याचा हुकूम दिला, असे दरबारी इतिहासात नमूद आहे. एका राणीसाठी ताजमहाल उभा राहिला. त्या दुष्काळात अन्नावाचून गेलेल्या असंख्य माणसांच्या नावाचा एक दगडही कुठे नाही. आहूखान्याची पडकी कमान पाहताना या माणसांचीही आठवण ठेवली पाहिजे.

किल्ल्यापासून शहरात शिरले की जामा मशीद लागते. फारुकी सुलतान आदिलशाह, म्हणजे राजा अलीखान, याने ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस पूर्ण केली. हिच्या दोन उंच मिनारांपेक्षा मोलाचा आहे तो आतला शिलालेख. अरबी लेखाबरोबर येथे संस्कृत लेखही कोरलेला आहे. त्यात सृष्टिकर्त्याला वंदन आहे, फारुकी घराण्याची वंशावळ आहे आणि विक्रम संवत व शके या दोन्ही कालगणनांनी तारीख दिली आहे. मशिदीच्या भिंतीवर संस्कृत कोरून घेणाऱ्या सुलतानाला त्यात काही वावगे वाटले नाही, नमाजींनाही वाटले नाही. भाषेला धर्म चिकटवण्याची सवय आपल्याला नंतर लागली. मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानाला आजही "तुमची भाषा तर उर्दू ना?" असे विचारले जाते. त्या प्रश्नाला चारशे वर्षांपूर्वीचा हा दगड पुरेसे उत्तर देतो.

तापी शेजारी असूनही शहराला पाण्याची चणचण होती, कारण शहर उंचावर आणि पात्र खाली. जहांगीरच्या काळात, १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानान सुभेदार असताना यावर उपाय निघाला. सातपुड्याकडून तापीकडे जमिनीखालून झिरपत जाणारे पाणी वाटेतच अडवायचे, भुयारी नहरीत घ्यायचे आणि केवळ उताराच्या जोरावर शहरात आणायचे. नहरीवर ठरावीक अंतराने विहिरींसारख्या कुंड्या खोदल्या. हाच तो कुंडी भंडारा. औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) नहरे-अंबरीची ही सख्खी बहीणच म्हणावी. त्या शहरात मलिक अंबर, या शहरात रहीम. रणांगणावर दोघे एकमेकांचे शत्रू, पण रयतेच्या तहानेवर दोघांनी शोधलेला उपाय एकच!

मराठ्यांच्या इतिहासाचाही या काठाशी संबंध आहे. पुरंदरच्या तहाचे मिर्झाराजे जयसिंग दक्षिणेतून परतताना १६६७ साली बऱ्हाणपुरातच वारले. त्यांची छत्री नदीकाठी उभी आहे. उदगीरच्या लढाईनंतर १७६० साली शहर पेशव्यांकडे आले. सुलतान, बादशहा, पेशवे सगळे आले आणि गेले. जरीच्या आणि तलम कापडासाठी एकेकाळी दूरदूर नावाजलेल्या या गावात विणकर मात्र राहिला. आज येथे यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो. मालेगाव-भिवंडीच्या वाचकाला तो ओळखीचा वाटेल.

वाचकहो, इतिहास म्हणजे केवळ तख्त आणि तलवार नव्हे. तापीच्या या काठावर राजवाडे ढासळले, पण तहानलेल्यांसाठी खोदलेली नहर टिकली. दोन लिप्यांचा शिलालेख टिकला. फकिरांची नावेही टिकली. आपण पूर्वजांच्या वैभवाच्या गोष्टी फार सांगतो, पण त्यांच्या कुंड्यांतला गाळ काढायची वेळ आली की सरकारकडे बोट दाखवतो. वारसा हक्काने मिळतो; राखावा मात्र मेहनतीनेच लागतो. जळगाव-भुसावळच्या शाळांनी आपल्या सहली एकदा तरी इकडे न्याव्यात. मुलांना आहूखाना दाखवावा, पण त्याआधी त्यांना जामा मशिदीतल्या त्या लेखासमोर उभे करावे.