शाळेचा फिल्टर आणि पोराच्या हातातला मोबाइल: पालकांना माहीत असायला हव्यात अशा गोष्टी

हल्ली शाळांच्या माहितीपत्रकात 'सुरक्षित इंटरनेट' हे दोन शब्द हमखास असतात. कम्प्युटर लॅब किती मोठी आहे, स्मार्ट बोर्ड किती आहेत, हे ॲडमिशनला गेलेले अम्मी-अब्बू आवर्जून विचारतात. पण सुरक्षित म्हणजे नेमके काय केले आहे, हे विचारणारे फार थोडे. विचारले तर 'आमच्याकडे फिल्टर आहे' असे उत्तर मिळते आणि विषय संपतो. वास्तविक विषय तिथून सुरू होतो.

शाळेत बाहेरून इंटरनेटची एक लाइन येते. तिच्या तोंडाशी फायरवॉल नावाची यंत्रणा बसवलेली असते. वेबसाइट्सचे वर्ग पाडलेल्या मोठमोठ्या याद्या फिल्टर बनवणाऱ्या कंपन्या पुरवतात: अश्लील, जुगार, हिंसा, गेम्स, सोशल मीडिया वगैरे. कोणता वर्ग बंद ठेवायचा हे शाळा ठरवते, निदान ठरवायला हवे. बऱ्याच ठिकाणी मशीन बसवायला आलेला माणूस जे सेटिंग करून जातो तेच वर्षानुवर्षे चालते. याशिवाय गूगलचे 'सेफसर्च' आणि यूट्यूबचा 'रिस्ट्रिक्टेड मोड' संपूर्ण शाळेच्या नेटवर्कला एकदम लावता येतो. यासाठी वेगळा पैसा लागत नाही, त्यामुळे लहान शाळेलाही हे जमण्यासारखे आहे.

आता मर्यादा बघा. आजच्या बहुतेक वेबसाइट्सची माहिती बंद पाकिटातून जाते असे समजा. फिल्टरला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतले पत्र दिसत नाही. म्हणून तो अख्खी साइट बंद करू शकतो, पण त्या साइटवरचे एखादेच वाईट पान सहसा वेगळे काढू शकत नाही. व्हॉट्सॲपचा मेसेज तर पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच वाचता येत नाही. तिथे फिल्टरपुढे दोनच मार्ग उरतात: सगळे ॲप बंद करा किंवा सगळे चालू ठेवा. शिवाय व्हीपीएन नावाचे आडवाटेने नेणारे ॲप आठवी-नववीतल्या पोरांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

उलटी चूकही होते. शब्द बघून अडवणारा फिल्टर स्तनाच्या कॅन्सरची माहिती अश्लील समजून अडवतो, असे अनुभव जुने आहेत. अनेक फिल्टरमध्ये 'धर्म' असाही एक वर्ग असतो. कोणी तो सरसकट बंद केला, तर इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी सुफी संतांची माहिती शोधणाऱ्या मुलीलाही दार बंदच दिसेल. आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या मराठी, हिंदी, उर्दू शिव्या? त्या बहुतेक वेळा आरामात पार होतात.

शाळांतल्या फिल्टरची सक्ती प्रथम गाजली ती अमेरिकेत. तिथे डिसेंबर २००० मध्ये कायदा झाला: इंटरनेटसाठी सरकारी सवलत हवी असेल तर शाळा आणि सार्वजनिक ग्रंथालयांनी फिल्टर बसवला पाहिजे. ग्रंथालयांच्या संघटनेने त्याला आव्हान दिले. जून २००३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी कायदा वैध ठरवला. पण आपल्या कामाची गोष्ट त्याच्या पुढची आहे. २००८ मध्ये अमेरिकेने आणखी एक कायदा करून शाळांवर नवी जबाबदारी टाकली. इंटरनेटवर कसे वागावे, सोशल मीडियावर दुसऱ्याशी कसे बोलावे आणि ऑनलाइन छळ झाला तर काय करावे, हे मुलांना शिकवणे तिथे सक्तीचे झाले. नुसती जाळी लावून भागत नाही, हे त्यांना कळायला आठ वर्षे लागली.

आपल्याकडे सर्व शाळांना फिल्टर बसवायला लावणारा असा कायदा नाही. सीबीएसईने ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या शाळांना परिपत्रक काढून फायरवॉल, फिल्टर आणि देखरेखीची व्यवस्था करायला सांगितले. शिक्षकांनी आधी निवडलेल्या, वयाला योग्य अशा साइट्स मुलांनी वापराव्यात, असेही त्यात आहे. मात्र हे परिपत्रक सीबीएसईच्या शाळांपुरते. आपली बहुसंख्य मुले राज्य मंडळाच्या मराठी, उर्दू किंवा सेमी-इंग्रजी शाळांत जातात. तिथे सगळे मुख्याध्यापक आणि संस्थेवर अवलंबून.

आणि खरे सांगायचे तर मूल शाळेच्या लाइनवर असते किती वेळ? आठवड्यातून एखाद-दोन तास. बाकी वेळ घरातला मोबाइल. 'असर २०२४' या ग्रामीण भारताच्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८० टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन वापरणारी मुले ५७ टक्के होती, सोशल मीडियासाठी वापरणारी ७६ टक्के. सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी प्रोफाइल प्रायव्हेट कशी करायची हे जेमतेम ५५ टक्क्यांना ठाऊक होते.

कायदा बोट कोणाचे ते बघतो

फिल्टर मुलाला वाईट गोष्टी बघण्यापासून थोडेफार वाचवतो. मूल स्वतः काय टाकते आणि काय पुढे पाठवते, यावर त्याचा काहीच इलाज नाही. आपल्या घरांसाठी जास्त काळजीची बाब ही आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही मोबाइल स्टेटसवरून तणाव झाला. बंदला हिंसक वळण लागले, दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद ठेवावे लागले. चोवीस तासांत आपोआप पुसला जाणारा स्टेटस, पण त्याचा स्क्रीनशॉट कधीच पुसला जात नाही.

नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. एकीने पोस्ट लिहिली होती, दुसरीने ती लाइक केली होती. ते प्रकरण देशभर गाजले आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयटी कायद्याचे कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले. त्यावरून 'आता काहीही लिहा, काही होत नाही' असा समज पसरला आहे. तो चुकीचा आहे. भारतीय न्याय संहितेत समाजांमध्ये शत्रुत्व वाढवण्याबद्दल कलम १९६ आणि धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याबद्दल कलम २९९ आहे. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

दुसरा धोका मुलींच्या फोटोंचा. वर्गातल्या मुलीचा अश्लील किंवा तसा बनवलेला फोटो गंमत म्हणून ग्रुपवर टाकला, तर आयटी कायद्याचे कलम ६७-ब लागू शकते. त्यात पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. 'मी फक्त फॉरवर्ड केला' हा बचाव होत नाही.

म्हणून शाळेच्या पालकसभेत तीन-चार गोष्टी सरळ विचारा. फिल्टरमध्ये कोणते वर्ग बंद आहेत आणि ते कोणी ठरवले? चुकून अडवलेली साइट उघडून घ्यायला मुलाने कोणाकडे जायचे? मुलांनी काय बघितले याची नोंद किती दिवस ठेवली जाते, ती कोण पाहतो? आणि इंटरनेटवर कसे वागावे यासाठी वर्षातून एखादा तरी तास ठेवला आहे का? मुलाच्या हातून चूक झाली तर त्याने घाबरून लपवण्याऐवजी वर्गशिक्षकांना सांगावे, एवढा विश्वास शाळेत आहे का, हे मात्र विचारून नाही, पाहूनच कळते.

घरी वाय-फाय असेल तर राउटरच्या डीएनएसमध्ये क्लाउडफ्लेअरची १.१.१.३ ही मोफत फॅमिली सेवा टाकता येते. बऱ्याच अश्लील साइट्स त्याने उघडत नाहीत. अँड्रॉइड फोनवर गूगलचे 'फॅमिली लिंक' आहे. पण पोराचा मोबाइल गुपचूप तपासण्यापेक्षा त्याच्याबरोबर बसून प्रायव्हसी सेटिंग लावलेले बरे. गुपचूप तपासले की ते दुसरे अकाउंट काढते, झाले.

तुमच्या मुलाला किंवा मुलीला कोणी त्रास देत असेल, तर मेसेज घाईने डिलीट करू नका. स्क्रीनशॉट, लिंक आणि वेळ जपून ठेवा. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात करता येते. पैशांची फसवणूक असेल तर लगेच १९३० ला फोन करा, आणि मूल संकटात असेल तर १०९८ ला.

आणि आपल्याच मुलाचे नाव एखाद्या प्रकरणात आले तर? १८ वर्षांखालच्या मुलासाठी २०१५ चा बाल न्याय कायदा लागतो. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. ताब्यात घेतल्यापासून २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, बाल न्याय मंडळासमोर हजर करावे लागते. कमाल शिक्षा तीन वर्षांपर्यंत असलेले गुन्हे या कायद्यात किरकोळ वर्गात मोडतात. केंद्राच्या २०१६ च्या नमुना नियमांनुसार अशा प्रकरणात मुलावर एफआयआर न करता स्टेशन डायरीत नोंद करायची असते, मात्र सोबत प्रौढ आरोपी असतील तर वेगळे. मुलाचे नाव, फोटो किंवा शाळा छापायला मनाई आहे. मोहल्ल्यातल्या ग्रुपवर त्याच्या सुटकेसाठी फोटोसह मेसेज फिरवणारे आपलेच लोक हे विसरतात. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. मुलांना आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो. फोन नंबर १५१००.