माय-बाप सरकार आणि घराचा उंबरठा

हिंदुस्थान सरकारच्या १८९१ सालच्या कायद्यांत १० व ११ या क्रमांकांचे दोन कायदे शेजारी शेजारी बसले आहेत. दहावा संमतिवयाचा आणि अकरावा गिरण्या-कारखान्यांचा. पहिल्याने मुलीच्या संमतीचे वय १० वरून १२ वर्षांवर नेले. दुसऱ्याने मजुरांस आठवड्याची सुट्टी व दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती दिली, आणि बायकांच्या कामावर दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली. एक कायदा गिरगावातील घराचा उंबरठा ओलांडून आत गेला, तर दुसरा परळ-लालबागेतील गिरणीच्या फाटकातून. आणि दोन्ही वेळी आतून एकच आवाज उठला : सरकारने यात पडू नये.

या वादाकडे आपण सामान्यतः सुधारक विरुद्ध सनातनी अशा दृष्टीने पाहतो. ती दृष्टी खोटी नाही, पण अपुरी आहे असे आम्हांस वाटते. कारण जुन्या मताच्या पक्षाच्या पोटातच दोन प्रवाह वाहत होते. एक म्हणे, समाज हे मोठे कुटुंब आहे. कर्त्या पुरुषाने दुबळ्यांस सांभाळावे, चुकणाऱ्यांस आवरावे, आणि राजा हा सर्वांचा कर्ता पुरुष. दुसरा म्हणे, रूढी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने पिकलेली असते, राज्यकर्त्याची लेखणी कच्ची असते. म्हणून घर, जात, धंदा यांना आपापला कारभार पाहू द्यावा. पहिल्यास आपण पालकत्वाची बाजू म्हणू, दुसऱ्यास मोकळीकीची.

हे द्वैत आपलेच आहे असेही नाही. ज्या बर्कने फ्रेंच राज्यक्रांतीवरील १७९० सालच्या ग्रंथात परंपरेचे वकीलपत्र घेतले, त्यानेच १७९५ मध्ये धान्यटंचाईवर लिहिताना मजुरीच्या दरात सरकारने हात घालू नये असे बजावले. उलट लॉर्ड शाफ्ट्‌सबरी हा जुन्या मताचा कट्टर उमराव, पण गिरणीतील बायका-मुलांसाठी १० तासांचा कायदा व्हावा म्हणून तो वर्षानुवर्षे झगडला, आणि १८४७ मध्ये तो कायदा झाला. पुढे १८८२ मध्ये स्वातंत्र्य व मालमत्ता यांच्या रक्षणासाठी तेथे एक संघ निघाला. त्यातही उमरावच पुढे होते, पण ते सरकारचा हात अडवण्यासाठी.

आता आपल्याकडे पाहू. येथील जुनी राजनीती यांपैकी कोणत्या बाजूची होती? न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली पेशव्यांच्या रोजनिशांवर जो निबंध लिहिला, त्यात याचे उत्तर सापडते. ब्राह्मणांच्या मुलींच्या लग्नात पैसा घेण्यास पेशवे सरकारने मनाई केली होती, आणि मोडणाऱ्यास दंड ठेवला होता. दारूवर निर्बंध होते. जातींच्या तंट्यांत सरकार निवाडा देत असे. म्हणजे विवाह हा घरचा प्रश्न, त्यात राजाने बोलू नये, ही कल्पना पेशवाईच्या गावीही नव्हती. आपली खरी परंपरा पालकत्वाची होती, आणि ते पालकत्व काही थोडे कडक नव्हते. जातीची उतरंड राखणे हेही ते आपले कर्तव्यच समजत असे.

मग मोकळीकीचा मंत्र आला कोठून? एक तर राज्य परक्यांचे झाले. बापाने कान धरावा हे चालते; शेजाऱ्याने धरलेला चालत नाही. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने धर्मात ढवळाढवळ न करण्याचे वचन दिले, आणि ते वचन ही परंपरेच्या अभिमान्यांच्या हातातील ढाल बनली. शिवाय कॉलेजांतून मिल्ल आणि स्पेन्सर वाचले जात होते. गंमत अशी की स्पेन्सरचे भक्त आगरकर संमतिवयाच्या कायद्याच्या बाजूस उभे राहिले, आणि सरकारने मर्यादेत राहावे हा त्याच स्पेन्सरचा सिद्धान्त जुन्या पक्षाच्या कामी आला.

या मोकळीकीची कसोटी मुंबईतच लागली. लहानपणी लग्न झालेल्या रखमाबाई गिरगावात आपले सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या, व मोठेपणी नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले. नवऱ्याने १८८४ मध्ये हायकोर्टात फिर्याद लावली. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये ती फेटाळली. अशा दाव्याचा उगम हिंदू धर्मशास्त्रात नसून इंग्लंडच्या कायद्यात आहे, असे त्यांनी दाखवून दिले. अपिलात तो निकाल फिरला, आणि मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला की नांदावयास जा, नाही तर ६ महिने तुरुंगात बसा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ मध्ये २,००० रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेहून डॉक्टर होऊन आल्या.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. परक्या सरकारने आमच्या घरात पाऊल टाकू नये असे म्हणणाऱ्या पक्षाचा मोठा भाग या खटल्यात नवऱ्याच्या बाजूस होता. म्हणजे परक्याच कायद्याचा, परक्याच कोर्टाचा आणि परक्याच तुरुंगाचा आधार त्यास चालत होता. सरकारने उंबरठ्याबाहेर थांबावे, मात्र घरातील कोणी बाहेर पडू लागल्यास त्यास धरून आत लोटावे, असा या मोकळीकीचा अर्थ झाला.

तथापि या बाजूचे सर्वच लोक इतके आंधळे नव्हते. टिळकांनी १८९० मध्ये सुचविले की ज्यांस सुधारणा हवी त्यांनी मुलीचे लग्न १६ वर्षांपूर्वी न करण्याचे बंधन आपण होऊन स्वीकारावे. कायद्याने १२ म्हणावे आणि विरोधकाने १६ म्हणावे, यात केवळ डावपेच पाहणे अन्यायाचे होईल; समाजाने स्वतःला स्वतः बांधून घ्यावे हा त्यातील विचार खरा आहे. पण बंधन घेणारा बाप, आणि भोगणारी मुलगी. जो बाप बंधन घेणार नाही त्याच्या मुलीचे काय, या प्रश्नाला त्यात उत्तर नव्हते. तेलंगांस तो प्रश्न दिसला असावा. मलबारींच्या १८८४ च्या टिपणांनंतर सुधारणेसाठी कायदा नको म्हणणारे तेलंग १८९१ मध्ये या कायद्याच्या बाजूने उभे राहिले. आदल्या वर्षी कलकत्त्यात फुलमणी नावाची कोवळी मुलगी नवऱ्याच्या अत्याचाराने मेली होती, हे त्या वेळी कोणी विसरले नव्हते.

गिरणीच्या फाटकाशी हेच नाटक वेगळ्या पात्रांनी झाले. मालकांचे म्हणणे असे की मजूर आपखुशीने येतो व आपखुशीने गावी जातो; करार त्याचा आणि आमचा, त्यात तिसरा कशाला? शिवाय लँकेशायरच्या गिरणीवाल्यांस मुंबईची स्पर्धा खुपत होती, आणि कायद्यासाठी विलायतेत त्यांचीच खटपट चालली होती. ही गोष्ट खरीच होती. ‘केसरी’नेही याच कारणास्तव कारखान्यांच्या कायद्याला विरोध केला. पण नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळच्या सुपारीबागेत मजुरांची सभा भरविली, आणि सुमारे ५,५०० सह्यांच्या अर्जात रविवारची सुट्टी, दुपारची विश्रांती व वेळेवर पगार मागितला, तेव्हा तेथे लँकेशायर नव्हते. २४ एप्रिल १८९० च्या सभेस सुमारे १०,००० मजूर जमले व दोन बायका बोलल्या. जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. सांगणाऱ्याचा हेतू अशुद्ध असला म्हणून मागणाऱ्याची गरज खोटी ठरत नाही, हे त्या सभांनी दाखविले.

१८९१ च्या कायद्याने प्रौढ पुरुषाच्या कामाचे तास मात्र मोकळेच ठेवले, कारण तो स्वतंत्र मानला गेला. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले, आणि या स्वतंत्र माणसाचा दिवस काही गिरण्यांत १४-१५ तासांचा झाला. कापडगिरण्यांत त्याला १२ तासांची मर्यादा मिळावयास १९११ साल उजाडावे लागले.

येथवर वाचून कोणास वाटेल की आम्ही माय-बाप सरकारची आरती ओवाळीत आहो. तसे नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा त्याच सरकारचे हात घरोघर शिरले, आणि आजारी माणसे बळाने इस्पितळात नेली जाऊ लागली. त्या ऑक्टोबरात आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले ते शेटजी-भटजी नव्हेत, ते गिरणीकामगार होते. जे कायद्याची सुट्टी मागत होते तेच कायद्याचा बडगा झुगारीत होते, आणि यात विसंगती नाही. सुट्टी त्यांनी मागितली होती; इस्पितळाची सक्ती त्यांस न विचारता झाली होती. पालकत्व विचारपूस सोडते तेव्हा ते पहारा बनते.

हा झगडा स्वराज्यातही संपला नाही. ऑगस्ट १९५९ मध्ये स्वतंत्र पक्षाचे पहिले अधिवेशन मुंबईतच भरले. त्याचे अग्रणी राजाजी परवाना-राज्याचे वैरी, पण १९३७ मध्ये सेलम जिल्ह्यात दारूबंदी आणणारेही तेच. त्यांच्या जोडीस मुंबईचे माजी महापौर मिनू मसानी, व्यक्तीच्या उद्योगस्वातंत्र्याचे पुरस्कर्ते. पक्षाने मूळ तत्त्वांबाहेरील प्रश्नांवर सभासदांस मताची मोकळीक ठेवली. म्हणजे दोन प्रवाहांचा संगम न करता त्यांना एका पात्रात वाहू दिले. १९६७ मध्ये लोकसभेत ४४ जागा मिळविणारा हा पक्ष १९७४ मध्ये दुसऱ्या पक्षात विलीन झाला.

मग निवाडा काय? आमच्या मते दोन्ही बाजूंस एकच प्रश्न विचारावा. मोकळीक मागणाऱ्यास विचारावे : ही मोकळीक घराच्या मालकाची, की घरात राहणाऱ्या प्रत्येकाची? पालकत्व सांगणाऱ्यास विचारावे : ज्याचे कल्याण करावयाचे, त्याला तुम्ही बोलू दिले काय? रखमाबाई बोलल्या, मजुरांच्या सभेत त्या दोन बायका बोलल्या. फुलमणीस बोलता आले नाही. परंपरा जपण्याजोगी असेल तर ती त्यांच्यासाठीही जपण्याजोगी असली पाहिजे. १० आणि ११ या क्रमांकांचे ते कायदे अपुरे होते, परक्यांचे होते. पण उंबरठ्याच्या आत उभे असलेल्या माणसाकडे त्यांनी पाहिले, एवढे श्रेय त्यांस दिलेच पाहिजे.