समुद्रावरची खुशाली

आमच्या जालन्याला समुद्र नाही. कुंडलिका आहे, पण तिच्या पाण्याने कुणाला दूरदेशी नेल्याचे ऐकिवात नाही. मुंबईचा किनारा येथून सव्वाशे कोस. 'जालना सोने का पालना' असे आम्ही लहानपणी अभिमानाने म्हणत असू. तेव्हा त्या पाळण्यातल्या माणसांचा समुद्राशी संबंध तो काय, असे कुणालाही वाटेल. परंतु संबंध आहे, आणि तो फार जुना आहे.

आपल्या जिल्ह्यातले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवरील दानलेखांत येथल्या माणसांची नोंद आहे. इटलीतले पाँपेई शहर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. १९३८ साली तेथे उत्खननात एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी फार जवळचे साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती पुढे भोकरदनच्या उत्खननात मिळाली. त्यामुळे पाँपेईची मूर्ती इकडच्याच कारागिराच्या हातची असावी, असे काही अभ्यासक मानतात. भडोचच्या बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आहे, असे एका ग्रीक दर्यावर्द्याने लिहून ठेवले आहे. मालाची वाट आपल्याला अशी ठाऊक आहे. पण त्या मालाबरोबर जो गेला, त्याच्या घरच्यांनी काय केले? हिवाळ्यातल्या वाऱ्यावर गलबत निघे, आणि पावसाळी वारे उलटे वाहू लागल्यावाचून परतत नसे. मधले महिने अबोल. माणूस परत आला म्हणजेच त्याची खुशाली आली.

हा अबोला मोडायला पुढे सतराअठराशे वर्षे लागली. विलायतेला जाणारी शिडाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात आणि त्यांना महिनेच्या महिने लागत. मग आगबोटी आल्या, आणि १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझचा कालवा खुला झाला. मुंबई, एडन, सुएझ, पोर्ट सैद अशी वाट ठरून गेली. प्रवाशाने डेकवर बसून पत्र लिहायचे आणि पुढच्या बंदरात ते टपालात टाकायचे, हा परिपाठ पडला. जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री १८७३ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या धर्मपरिषदेला गेले होते. त्या काळी जालन्याला रेल्वे नव्हती. ती आली १९०० साली. म्हणजे परदेशातून निघालेले पत्र आगबोटीने मुंबईस आले, तरी पुढचा शेवटचा पल्ला त्याला धुळीच्या रस्त्यानेच काटावा लागे.

यात एक गंमत होती, आणि तीच मोठी व्यथाही होती. बोटीवरचा माणूस घरी लिहू शकत असे. घरचे मात्र त्याला लिहू शकत नसत. टपाल नेणारी आगबोट हीच त्या वाटेवरची सर्वांत वेगवान गाडी. ती सुटल्यावर मागून टाकलेले पत्र तिला गाठणार कसे? म्हणून जाणती माणसे एक युक्ती करीत. निरोपाच्या आधीच एडनच्या किंवा पोर्ट सैदच्या पत्त्यावर पत्र टाकून ठेवायचे. ते त्याच बोटीच्या पोटातून प्रवास करी, आणि आठवड्याने प्रवाशाच्या हाती पडे. वाचणाऱ्याला वाटे, घरून ताजे पत्र आले! वास्तविक ते त्याच्या उशाखालूनच आलेले असे. पुढे इटलीतल्या ब्रिंदिसी बंदरात टपाल उतरवून आगगाडीने लंडनला नेऊ लागले, तेव्हा बोटीनेच पुढे जाणाऱ्या प्रवाशाच्या आधी त्याचे पत्र तेथे जाऊन बसू लागले.

१८८३ हे साल तर मराठी माणसाने या दृष्टीने आठवणीत ठेवावे असे आहे. त्या वर्षी दोन महाराष्ट्रीय स्त्रिया समुद्रापार गेल्या. आनंदीबाई जोशी ७ एप्रिलला कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. अठरा वर्षांचे वय, अठ्ठावन्न दिवसांचा प्रवास, बोटीवर आपल्या भाषेचे कुणी नाही. यजमान गोपाळराव नोकरीला होते ते टपाल खात्यात! लोकांची पत्रे देशभर पोचवणाऱ्या खात्यातल्या या माणसाला भर समुद्रात असलेल्या पत्नीला चार ओळी पोचवता येत नव्हत्या. त्यांचा पत्रव्यवहार पुढे काशीबाई कानिटकरांनी लिहिलेल्या चरित्रातून मराठी घराघरांत गेला. त्याच वर्षी पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या. त्यांनी प्रवासाची हकीकत एका स्नेह्याला पत्ररूपाने कळवली, आणि ती 'इंग्लंडचा प्रवास' या नावाने छापून निघाली. एका घरी यायची खुशाली अशी साऱ्या महाराष्ट्राने वाचली.

त्या खुशालीत लोक काय शोधीत, हेही पाहण्यासारखे आहे. समुद्रपर्यटन म्हणजे धर्म बुडाला असे मानणारा तो काळ. प्रकृती कशी आहे याआधी, खाल्ले काय आणि नेसले काय, याची विचारणा. प्रवासी बिचारा वादळाचे वर्णन लिही आणि घरचे ताटातले पदार्थ मोजीत!

आपल्या भागात आणखी एक घोळ होता. निजामाच्या राज्याचे टपाल खाते वेगळे. १८६९ पासून त्याची स्वतःची तिकिटे निघत, आणि ती राज्याच्या हद्दीपुरतीच चालत. हद्दीबाहेर पत्र धाडायचे तर इंग्रजी टपालाचे तिकीट हवे. उलट तिकडे एडनमध्ये १९३७ पर्यंत हिंदुस्थानचीच तिकिटे चालत. म्हणजे समुद्रापलीकडच्या एडनचे तिकीट पुण्यामुंबईच्या ओळखीचे, आणि आमच्या जालन्याचे मात्र परके! निजामाचे टपाल हिंदी टपालात विलीन झाले ते १९५० साली.

तारेने वेळ आणखी आटला. १८७० मध्ये मुंबई, एडन, सुएझ अशी समुद्राखालची तार पडली. पण पैसे शब्दागणिक. त्यामुळे हजार मैलांची सारी कथा 'सुखरूप' या एका शब्दात मावू लागली. मग बिनतारी आली. १९१२ साली 'टायटॅनिक' बुडाली, त्या दिवशी तिच्यावरचे तारवाले उतारूंचे खासगी निरोप पाठवण्यातच गुंतलेले होते. १९२७ साली खडकीहून थेट विलायतेला बिनतारी संदेश जाऊ लागले, आणि तिकडचे संदेश दौंडला उतरू लागले. आता घरचेही बोटीवरच्या माणसाला गाठू शकत होते. जुनी अडचण संपली, आणि तिच्या जागी एक नवी आली. ती कोणती, हे मी आमच्याच गल्लीत पाहिले.

जालन्याहून समुद्रावर सर्वांत अधिक माणसे कुणी पाठवली असतील, तर हज यात्रेने. आगगाडीने मुंबई, तेथे मुसाफिरखान्यात मुक्काम, आणि मग बोटीने जिद्दा. निघण्यापूर्वी देणी फेडायची, ज्याच्याशी भांडण असेल त्याची क्षमा मागायची, अशी रीत. कारण परतीची हमी कुणी द्यावी? आमच्या शेजारचे चाचा असेच गेले. १९६० नंतरची गोष्ट. बोट सुटून दोन दिवस झाले नाहीत तोच त्यांची आई, आम्हा पोरांची दादीअम्मा, वारली.

माझे आजोबा निजामाच्या अमदानीत कचेरीत पेशकार होते. त्यांचे उर्दू पक्के, म्हणून त्या घरची पत्रे तेच लिहीत आणि वाचीत. त्या संध्याकाळी ओट्यावर बैठक बसली. मुंबईच्या बिनतारी केंद्रामार्फत बोटीवर तार जाऊ शकत होती. थोरले भाऊ म्हणाले, "पेशकारसाब, बीच समंदर में खबर देके क्या करना? उसे लौटना तो है नहीं." आजोबा म्हणाले, "लौटना नहीं, मगर रोना तो है." बराच वेळ कुणी बोलले नाही. अखेर थोरल्यांचे चालले. तार गेली नाही. मक्केला हैदराबाद संस्थानच्या यात्रेकरूंसाठी रुबात आहे, तेथल्या पत्त्यावर पत्र गेले.

पंधरवड्याने चाचांचे पत्र आले. बोटीवर लिहिलेले आणि जिद्द्याला टाकलेले. आजोबा नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचू लागले. पहिली ओळ अम्माला सलाम, दुसरीत औषध वेळेवर घेण्याची ताकीद. आजोबांनी तेवढे वाचून चष्मा काढला. उरलेले पत्र त्या दिवशी वाचले गेले नाही.

चाचा परत आले तेव्हा स्टेशनवर हारतुऱ्यांची गर्दी होती. घरी आल्यावर मात्र ते थोरल्या भावाला एवढेच म्हणाले, "भाईजान, जहाज पर मैं रोज उसकी सेहत की दुआ माँगता रहा. मगफिरत की माँगनी थी." मेलेल्या माणसाच्या क्षमेसाठी करायची प्रार्थना त्यांना आठ दिवस उशिरा करता आली. भाऊ मान खाली घालून बसले. त्यांनी मायेपोटीच लपवले होते, आणि चाचांचा सल मायेपोटीच होता. कोण बरोबर, याचा निकाल आजोबांनी कधी दिला नाही.

मुंबईहून जिद्द्याला जाणाऱ्या हजच्या बोटी १९९५ साली बंद झाल्या. आता यात्रेकरू विमानाने जातात. बोटीने लोक जातात ते मौजेखातर, मुंबईहून गोव्याकडे आणि लक्षद्वीपकडे. आणि उपग्रहाच्या कृपेने डेकवरून घरच्यांना तोंडही दाखवतात. पूर्वी खबर पोचत नसे म्हणून माणूस अंधारात राही. आता त्याला अंधारात ठेवायचे, तर घरच्यांनाच तसे ठरवावे लागते. आमच्या ओट्यावरचा तो प्रश्न तेवढा यंत्रांनी सोडवलेला नाही.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक उघडलीत आणि एखादे एडनचे, पोर्ट सैदचे, जिद्द्याचे पत्र हाती लागले, तर रद्दीत टाकू नका. मजकूर जुनाच असेल: प्रकृती ठीक, काळजी नसावी. लिफाफ्यावरचे दोन शिक्के तेवढे पाहा, एक निघाल्याचा आणि एक पोचल्याचा. त्या दोन तारखांमधले दिवस मोजा. तेवढे दिवस आपल्या घरात कुणीतरी पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून काढले आहेत.