खाणावळवालीचा खोकला

दम लागणारा पेशंट आला की आम्ही डॉक्टर पहिलं विचारतो, "विडी-सिगारेट ओढता का?" बाई असेल तर बहुतेक वेळा तेही विचारत नाही. लासुर्ण्यातल्या माझ्या दवाखान्यात मी आता बायकांना वेगळं विचारतो: "स्वयंपाक कशावर केलात, आणि किती वर्षं?"

हा प्रश्न मला गिरणगावच्या इतिहासाने दिला.

मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली. पुढे कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून, आपल्या पुणे जिल्ह्यातूनही माणसं तिकडे गेली. बायकामुलं गावाला, आणि हे लालबाग-परळच्या चाळीत, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे. जेवायला खाणावळ. म्हणजे हॉटेल नव्हे हो, त्याच चाळीतल्या एखाद्या बाईचं राहतं घर! कोकणातल्या गड्याला भात आणि माशाचं कालवण, घाटावरच्याला भाकरी. शहरात राहूनही माणूस गावचंच जेवत होता. पैसे पगार झाल्यावर. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचं व्याज बाईच्या डोक्यावर. ते ओझं कमी व्हावं म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी २००४ च्या पुस्तकात गिरणगावचा इतिहास तिथल्याच माणसांच्या तोंडून नोंदवला आहे.

मला यात डॉक्टर म्हणून एक गोष्ट खुपते. कापसाच्या धुळीने कामगाराची छाती भरते, त्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. कायद्याने तो व्यवसायजन्य आजार मानला. नुकसानभरपाईची तरतूद झाली. त्याच कामगाराचा डबा भरणारी बाई मात्र कोणाचीच नोकर नव्हती. कोंदट खोलीत शेगडी नाहीतर रॉकेलचा स्टोव्ह. धुरातले बारीक कण वर्षानुवर्षं श्वासनलिकांना सूज आणतात, त्या अरुंद होतात. हाच सीओपीडी. विडी न ओढताही होतो.

जानेवारी १९८२ चा संप लागला, गिरण्या थंडावल्या, कित्येक कुटुंबं गावी परतली. इथे पुन्हा चूल होतीच.

तुमच्या घरातल्या आजीला चढावर धाप लागत असेल, तर "वयच झालं" म्हणून सोडू नका. स्पायरोमेट्री, म्हणजे जोरात फुंकायची साधी तपासणी, करून घ्या. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी चुलीचं तुम्हीच सांगा.