उमरीहून मैदानं बघायला

नांदेड जिल्ह्यातल्या आमच्या उमरीचं नाव काढलं की जाणत्या माणसाला ३० जानेवारी १९४८ आठवतो. त्या दिवशी हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या कार्यकर्त्यांनी इथल्या हैदराबाद स्टेट बँकेवर धाड घातली आणि लढ्यासाठी पैसा उभा केला. मी शाळेत खेळ शिकवतो, तरी दर १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, ही हकिगत मुलांना सांगतोच. ती कळल्याशिवाय आमच्या भागातल्या क्रिकेटचीही गोष्ट नीट कळत नाही. नांदेड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता आणि पुढंही १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच राहिला. आमच्या वडिलांच्या पिढीला मोठी बाजारपेठ हैदराबादची, मोठा दवाखाना हैदराबादचा आणि मोठं मैदानही हैदराबादचंच.

अमेरिकेत बेसबॉलप्रेमी मित्र उन्हाळ्यात गाडी काढून एकेका शहराचं मैदान बघत फिरतात. तिथं अव्वल लीगचे तीस संघ आहेत, आणि तीसही मैदानं पाहून होईपर्यंत कित्येकांची निम्मी हयात जाते. बॉस्टनचं फेनवे पार्क १९१२ चं, शिकागोचं रिग्ली फील्ड १९१४ चं. दोन्हींवर आजही सामने होतात. हे वाचलं तेव्हा आम्हा मित्रांना वाटलं, आपल्याकडची मैदानं काय कमी जुनी आहेत? एकाचं मोंढ्यात आडत दुकान, एक एसटीतून निवृत्त झालेला वाहक, एकाचं कृषी सेवा केंद्र आणि मी. सुट्ट्या जुळतील तशी गाडी काढायची, सामना असो वा नसो, मैदान बघायचं, असं ठरलं. फिरता फिरता मला उमगलं ते असं: मैदानाचा इतिहास हा जागेच्या भांडणाचा इतिहास आहे. आत कुणाला घेतलं, बाहेर कुणाला ठेवलं आणि बाहेर राहिलेल्यानं पुढं काय केलं, यावरच आपलं क्रिकेट घडत गेलं.

पहिलं मैदान अर्थातच हैदराबादचं. धर्माबाद, बासर, मग गोदावरीचा पूल, निजामाबाद आणि कामारेड्डी. निजामाच्या काळात मीटरगेज गाडी जायची तीच वाट. बशीरबागेजवळचं फत्तेमैदान आता लालबहादूर शास्त्रींच्या नावानं ओळखलं जातं. हे नाव १९६७ साली दिलं गेलं. जुनं नाव थेट १६८७ पर्यंत मागं जातं. गोवळकोंड्याच्या वेढ्यात मुघल फौजेचा तळ इथं पडला होता आणि किल्ला पडल्यावर जागेला हे नाव मिळालं, असं सांगतात. पुढं असफजाही अमदानीत इथं पोलो चालायचा.

१९ नोव्हेंबर १९५५ ला या मैदानावर पहिला कसोटी सामना सुरू झाला. समोर न्यूझीलंड, भारताचे कर्णधार गुलाम अहमद, याच शहराचे ऑफस्पिनर. पॉली उम्रीगर यांनी २२३ धावा काढल्या. कसोटीतलं भारतीयाचं हे पहिलं द्विशतक. विजय मांजरेकरांनी ११८ केल्या, कृपालसिंग पहिल्याच कसोटीत शंभरावर नाबाद राहिले आणि भारतानं ४ बाद ४९८ वर डाव सोडला. सामना अनिर्णित राहिला. मला त्या धावसंख्येहून तारीख मोलाची वाटते. त्या आठवड्यात नांदेड हैदराबाद राज्याचा जिल्हा होता. म्हणजे आमच्या राज्याच्या राजधानीतला तो पहिला कसोटी सामना. वर्षही पुरं झालं नाही तोच राज्यांची फेररचना झाली, आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि ज्या मैदानाला घरचं म्हणायचं ते परराज्यात राहिलं.

त्याआधीही हैदराबादचं क्रिकेट भरात होतं. नवाबांच्या आश्रयानं मोईनउद्दौला सुवर्णचषकाची स्पर्धा चालायची. १९३७-३८ च्या हंगामात हैदराबादनं नवानगरला एका गड्यानं हरवून रणजी करंडक जिंकला. पण हा सारा डौल राजधानीपुरता होता. नांदेड, परभणी, बीड हे जिल्हे त्याच राज्यात असून तिथं असं मैदान उभं राहिलं नाही. आता मोठे सामने शहराबाहेर उप्पलला होतात. तिथं गेलो तेव्हा आमच्या आडतवाल्या मित्रानं ५ नोव्हेंबर २००९ ची रात्र पुन्हा उभी केली: ऑस्ट्रेलियाच्या ३५० धावा, सचिनच्या १७५ आणि तीन धावांनी झालेली ती हार.

सोलापूरमार्गे पुण्याला गेलो. पुण्यात कॅम्पातलं पूना क्लबचं मैदान बघताना माझ्या मनात एकच माणूस होता, पळवणकर बाळू. १८७६ साली धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मलेले बाळू पुण्यात युरोपियनांच्या जिमखान्यात महिना चार रुपयांवर कामाला होते. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेगसारख्या कसलेल्या फलंदाजाला तासन् तास चेंडू टाकून त्यांची डावखुरी फिरकी धारदार झाली, पण सरावात त्यांच्या हाती बॅट कुणी दिली नाही. पुढं युरोपियनांना हरवायचं म्हणून हिंदू क्लबानं त्यांना संघात घेतलं. मैदानावर सगळे त्यांच्या हातून चेंडू घेत. चहाच्या वेळी त्यांना चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे.

१९०६ मध्ये हिंदू संघानं मुंबईत युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालच्या संघाकडून त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. त्यांच्या भावांनी मैदानाबाहेर राहून याचा जाहीर निषेध केला आणि अखेर १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले. अमेरिकेत जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर अव्वल लीगमध्ये उतरला तो १५ एप्रिल १९४७ ला. त्या दिवसाला तिथं सणाचा मान आहे. बाळूंचा झगडा त्याच्या निम्मं शतक आधीचा. एबेट्स फील्ड १९६० साली पाडलं, तिथं इमारती उभ्या राहिल्या. आपली पुण्या-मुंबईची जुनी मैदानं शाबूत आहेत. बाळूंची आठवण तिथं ठळकपणे दिसायला हवी.

पूना क्लबच्याच मैदानावर डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध ४४३ धावांवर नाबाद होते. कमल भांडारकरांबरोबर त्यांची ४५५ धावांची भागीदारी झाली होती आणि महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ झाल्या होत्या. ब्रॅडमन यांचा नाबाद ४५२ चा विक्रम दहा धावांवर राहिला होता. तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली आणि काठेवाडच्या कर्णधारानं पुढं खेळायला नकार देऊन सामना सोडला. निंबाळकरांना भारताकडून अधिकृत कसोटी कधीच खेळायला मिळाली नाही. आमच्या वाहक मित्राला हे ठाऊक नव्हतं. सीमारेषेपाशी तो बराच वेळ उभा राहिला आणि गाडीत बसल्यावर म्हणाला, "दहा धावांसाठी मानसानं मानसाला असं थांबवावं का, गुरुजी?"

१९९६ च्या विश्वचषकात केनियानं वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळलं ते नेहरू स्टेडियम पाहिलं आणि द्रुतगती मार्गालगतचं गहुंजेचं मैदानही पाहिलं. गहुंज्यात पहिला आंतरराष्ट्रीय सामना डिसेंबर २०१२ मध्ये झाला. नांदेड-लातूर आज ज्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेत येतात तिचं हे घरचं मैदान. उमरीहून तिथं पोचायला रात्रभराचा प्रवास.

मुंबईत जागेचं भांडण सगळ्यात स्पष्ट दिसतं. किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेडवर पारशी पोरं खेळायची. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८ चा. १८७५ मध्ये युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना झाला. साहेबांच्या पोलोच्या घोड्यांच्या टापांनी पारशी पोरांच्या खेळपट्ट्या उखडायच्या. पारशी खेळाडूंनी सह्या गोळा केल्या, अर्ज केले, वर्षानुवर्षं दाद मागितली. या रेट्यातून पुढं समुद्राकाठी पारशी, इस्लाम आणि हिंदू जिमखान्यांना जागा मिळाल्या. आज मरीन ड्राइव्हवरून जाताना ही तिन्ही मैदानं ओळीनं लागतात.

बॉम्बे जिमखान्यावरच १५ डिसेंबर १९३३ ला भारतभूमीवरची पहिली कसोटी सुरू झाली. सी. के. नायडू कर्णधार, समोर जार्डिनचा इंग्लंड, आणि लाला अमरनाथ यांच्या ११८ धावा, भारताचं कसोटीतलं पहिलं शतक. ज्या क्लबाचं सभासदत्व भारतीयांना मिळत नव्हतं, त्याच्या हिरवळीवर ते झालं. चारच वर्षांत, डिसेंबर १९३७ मध्ये, समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं ब्रेबर्न स्टेडियम उभं राहिलं. अँथनी डिमेलो यांनी त्यासाठी जीव ओतला होता. धर्मावर संघ पाडणारी पंचरंगी स्पर्धा याच मैदानावर गाजली. तिला गांधीजींनी विरोध केला आणि १९४६ मध्ये ती बंद पडली.

मग ब्रेबर्नच्याही दारात भांडण आलं. सामन्याच्या जागा क्लबानं किती ठेवायच्या आणि मुंबई क्रिकेट संघटनेला किती द्यायच्या, यावरून १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला वाद टोकाला गेला. संघटनेचे प्रमुख आणि विधानसभेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे, मूळचे विदर्भातले, यांनी थोड्याच अंतरावर वेगळं स्टेडियम बांधायचं ठरवलं. शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार ते वर्षभरापेक्षा थोड्याच अधिक काळात उभं राहिलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथल्या पहिल्या कसोटीत क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ केल्या. त्याचं अभिनंदन करायला धावत आत गेलेल्या एका चाहत्याला पोलिसांनी मारलं आणि गॅलरीत आग भडकली. २ एप्रिल २०११ ला विश्वचषक याच वानखेडेवर उंचावला गेला. ही सारी मैदानं मला आधी रेडिओमुळं कळली. बाळ ज. पंडित यांचं मराठी समालोचन ऐकत वाढलेल्या माझ्या पिढीनं ही मैदानं डोळ्यांआधी कानांनी पाहिली होती.

नागपूरला आम्ही हदगाव, उमरखेड, यवतमाळ, वर्धा असे गेलो. या वाटेनं शहराच्या आधी जामठा लागतं. सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या मैदानावर १९६९ पासून कसोटी व्हायच्या. तिथंच ३१ ऑक्टोबर १९८७ ला न्यूझीलंडविरुद्ध चेतन शर्मानं विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली आणि गावसकरांनी एकदिवसीय सामन्यातलं आपलं एकमेव शतक केलं. नोव्हेंबर २००८ मध्ये सौरव गांगुलीच्या शेवटच्या कसोटीनं जामठ्याचं मोठं मैदान सुरू झालं. विदर्भाची संघटना वेगळी, मैदान स्वतःचं, मुलांसाठी निवासी अकादमी. जामठ्यानंतर दहा वर्षांच्या आत, १ जानेवारी २०१८ ला, विदर्भानं दिल्लीला हरवून पहिला रणजी करंडक घेतला. पुढच्या हंगामात पुन्हा आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा.

मराठवाड्यात आजवर एकही कसोटी झालेली नाही. नांदेडला श्री गुरू गोविंदसिंगजी स्टेडियम आहे, पण तालुक्यांत टर्फची खेळपट्टी दिसणं विरळा. तरी पोरं पुढं येतात. जालन्याच्या विजय झोलनं २०११ मध्ये कूच बिहार करंडकात नाबाद ४५१ केल्या आणि पुढं १९ वर्षांखालच्या भारतीय संघाचं नेतृत्व केलं. तुळजापूरचा राजवर्धन हंगर्गेकर २०२२ मध्ये त्याच गटाच्या विश्वविजेत्या संघात होता. यांना घरापासून दूर जावं लागलं. ज्यांच्या बापाला ते परवडत नाही त्यांची नावं आपल्याला कधी कळतच नाहीत.

मैदान मागताना पाण्याचा विचार आम्हाला टाळता येत नाही. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयानं ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. तो निर्णय मला तेव्हाही पटला, आजही पटतो. हिरवळीआधी माणसाचा घसा. म्हणून माझं मागणं पन्नास हजार खुर्च्यांचं नाही. प्रत्येक तालुक्याला एक मैदान, त्यावर टर्फची एक चांगली खेळपट्टी, एक रोलर, पगारी माळी आणि गावाच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून मिळणारं पाणी. मुलींसाठी ठरलेली वेळ आणि त्यांच्यासाठी वेगळी खोली.

पारशांनी अर्ज केले, बाळूंच्या भावांनी निषेध केला, वानखेड्यांनी नवं बांधकाम काढलं, विदर्भानं मुलांसाठी अकादमी केली. प्रत्येक ठिकाणी जागा आधी मिळवावी लागली, पराक्रम तिच्या मागून आला. नांदेड-लातूरकडून आपण करंडकाची अपेक्षा धरणार असू, तर आधी या दोन जिल्ह्यांतल्या पोरांच्या पायाखाली मैदान द्यायला हवं.