बुढी, म्हातारी, कर्ती

आमच्या सावरगाव-पांढुर्णा भागात घरातल्या सगळ्यांत थोर बाईला बुढी म्हणतात. पुण्या-मुंबईकडून आलेल्या पाहुण्याच्या कानाला हा शब्द टोचतो. स्वतःच्या आजीला कुणी असं बोलतं का, असं त्याला वाटतं. मला मात्र या शब्दाइतका मानाचा दुसरा शब्द आजीसाठी सापडलेला नाही, आणि तसं म्हणायला शब्दाच्या इतिहासात पुरेसा आधार आहे.

बुढी हा शब्द संस्कृत ‘वृद्ध’पासून आला. प्राकृतात त्याची वुड्ढ, बुड्ढ अशी रूपं झाली आणि तिथून आपले बुढा-बुढी. वृद्ध म्हणजे थकलेला, वाकलेला असं आपण धरून चालतो. पण धातू आहे ‘वृध्’, म्हणजे वाढणं. वृद्ध म्हणजे वाढलेला, भरास आलेला. वृद्धी आणि वर्धन त्याच घरचे शब्द. मराठीतलं ‘वाढणे’ही त्याच धातूचं, आणि मराठीने त्याला आणखी एक अर्थ दिला: पानात अन्न घालणं. रोप वाढतं, लेकरू वाढतं आणि आजी जेवायला वाढते, तिन्हीकडे आपण एकच क्रियापद वापरतो. तेव्हा बुढी म्हणजे जी वाढली आणि जिने वाढलं. आमच्या आजीच्या बाबतीत ही व्युत्पत्ती अक्षरशः खरी होती. पंगत कितीही मोठी असो, भाकरीचं टोपलं तिच्या हाताशी असायचं आणि शेवटचा माणूस उठल्याशिवाय ती स्वतःचं ताट घेत नसे.

तिचं माहेर सावरगावचं, सासर पांढुर्ण्याचं. मध्ये जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच नदीत पळसाचं झाड रोवून गोटमार होते. दोन्ही गावांचे लोक दोन काठांवरून एकमेकांना दगड मारतात. सावरगावची मुलगी पांढुर्ण्याच्या मुलाने पळवून नेली आणि त्यातून हे सुरू झालं, अशी गोष्ट सांगतात. आजीची भाचरं एका काठावर, पोटची नातवंडं दुसऱ्या काठावर. त्या दिवशी ती सकाळपासून एकेकाला कामाला जुंपायची आणि घराबाहेर पडू द्यायची नाही. एरवीही संत्र्याचा बहार कोणत्या व्यापाऱ्याला द्यायचा, कुणाच्या पोरीची सोयरीक कुठे जुळवायची, विहिरीला कर्ज काढायचं की नाही, कुठलाही प्रश्न निघाला की घरात एकच वाक्य ऐकू यायचं: ‘बुढीले इचारलं का?’ यात बुढी हे वयाचं वर्णन नाही. ते पदाचं नाव आहे.

‘म्हातारी’चंही तसंच. मूळ शब्द ‘महत्तर’, म्हणजे अधिक मोठा. जुन्या ताम्रपटांत गावाच्या प्रमुख मंडळींना महत्तर म्हटलेलं आहे. दान दिलं की ते त्यांच्या कानावर घालायचं. कोकणातलं म्हात्रे आडनाव याच शब्दातून आलं. तोच महत्तर घसरत घसरत म्हातारा झाला आणि शेवटी नुसतं वय तेवढं उरलं. ‘आजी’ तर ‘आर्यिका’पासून, प्राकृत अज्जिआ या वाटेने आली, आर्यिका म्हणजे पूज्य स्त्री. दिगंबर जैन साध्वींना आजही आर्यिका म्हणतात. एकाच शब्दाचं एक रूप विहारात राहिलं आणि दुसरं चुलीपाशी आलं.  

थोडक्यात, आजीसाठी आपल्याकडे असलेला जवळपास प्रत्येक शब्द मुळात अधिकाराचा किंवा आदराचा आहे. अशक्तपणा आपण नंतर त्यांना चिकटवला. आणि असा अधिकार चालवणाऱ्या आज्या आपल्या मुलखाने पाहिल्या आहेत. सौंसर-पांढुर्ण्याचा हा टापू नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. 1818 मध्ये तिथले राजे अप्पासाहेब यांना पदच्युत केल्यावर दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा अल्पवयीन मुलगा तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसला. तेव्हा राजवाड्याचा आणि त्या मुलाचा सांभाळ दुसऱ्या रघूजींच्या विधवा बाकाबाई यांनी हाती घेतला.

अशा बाईसाठी मराठीत नेमका शब्द आहे: कर्ती. ‘तीच घरची कर्तीसवरती’ हे वाक्य कोणत्याही खेड्यात ऐकू येईल. ‘कर्ता’चं स्त्रीरूप बोलीने केव्हाच करून ठेवलं, कायद्याला ते आजवर पुरतं पेललेलं नाही. हिंदू कायद्यात एकत्र कुटुंबाच्या प्रमुखाला कर्ता म्हणतात. आपला हा भाग मध्यप्रांत-वऱ्हाडात होता तेव्हा इथले खटले नागपूर उच्च न्यायालयात जात. त्या न्यायालयाने 1940च्या दशकात एक मोठी गोष्ट मान्य केली: घरात सज्ञान पुरुष नसेल तर विधवा आईही कर्ता म्हणून व्यवहार करू शकते. मला या निकालाचा फार अभिमान वाटतो. ज्या मुलखात घरोघरी बुढीला विचारून कारभार चालतो, त्याच मुलखाच्या न्यायालयाला हे सुचलं.

ते टिकलं नाही. 1965 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वडिलोपार्जित मिळकतीत ज्याला जन्माने हक्क आहे तोच कर्ता होऊ शकतो, आणि विधवेला तो हक्क नाही. पुढे हिंदू वारसा कायद्यातल्या 2005च्या दुरुस्तीने मुलींना मुलांसारखा जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या आधाराने 2015 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने थोरल्या मुलीला कर्ता मानलं. लेकीला न्याय मिळाला, तो योग्यच झाला. पण आमची आजी त्या घरची लेक नव्हती, सून होती. बुढी ही बहुतेक घरांत सून म्हणूनच आलेली असते. चाळीस-पन्नास माणसांचं घर तिने उभं केलं तरी कायद्याच्या कागदावर कर्ता म्हणून तिचं नाव येत नाही. बोलीने तिला कर्ती म्हटलं आहे. कायद्यानेही म्हणायला हवं.