संगीताची शाळा आणि शाळेतले संगीत : कृष्णाखोऱ्यातील दोन वाटा

कृष्णेच्या खोऱ्याच्या वरच्या टोकाला, महाबळेश्वर तालुक्यात, पाचगणी वसली आहे आणि त्याच खोऱ्याच्या खालच्या अंगाला मिरज आहे. एक गाव इंग्रजांच्या निवासी शाळांसाठी, तर दुसरे गवयांसाठी आणि तंतुवाद्यांच्या कारागिरांसाठी प्रसिद्ध असल्यामुळे संगीतशिक्षणाच्या इतिहासात त्यांचा एकत्र विचार सहसा होत नाही. तथापि एकोणिसाव्या शतकाची अखेर आणि विसाव्याचा आरंभ या काळात, गाण्याच्या घराण्यात न जन्मलेल्या मुलांना वेळापत्रकानुसार आणि समूहाने संगीत शिकवता येईल काय, या एकाच प्रश्नाला या दोन गावांच्या परंपरांनी दोन निरनिराळी उत्तरे दिली. पाचगणीत शाळेच्या दिनक्रमातच संगीताला जागा मिळाली, तर मिरजेतून निघालेल्या परंपरेने संगीतासाठी स्वतंत्र शाळा उभ्या केल्या. महाराष्ट्रातील सर्वसाधारण शाळेत संगीत आज जसे आहे, त्याची बरीचशी कारणे या फरकात सापडतात.

त्यापूर्वी गायन शिकण्याचा मार्ग गुरूच्या घरातून जात असे. गुरूने शिष्याच्या मनगटाला दोरा बांधून त्याचा स्वीकार करणे, म्हणजे गंडाबंधन, झाल्यावर शिष्य गुरुगृही राहून सेवा करी आणि गुरूच्या मर्जीप्रमाणे मिळेल ती तालीम, म्हणजे समोर बसून घेतलेले प्रत्यक्ष शिक्षण, आत्मसात करी. ग्वाल्हेरला अशी विद्या संपादन करून ती महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेस असताना याच पद्धतीने शिकवीत. या पद्धतीतून मोठे गवई घडले हे खरे. पण ज्याला गवई व्हायचे नाही अशा मुलाला तिच्यात जागा नव्हती, शिवाय गाणेबजावणे हे प्रतिष्ठित घरातील मुलांचे काम नव्हे हा समजही दृढ होता. अपवाद कीर्तन आणि भजन यांचा, कारण भक्तीच्या आधाराने तेथे गाण्याला मान मिळत असे.

ही कोंडी फोडण्याचे प्रयत्न पश्चिम भारतात अगोदरच सुरू झाले होते. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या पुणे गायन समाजाने सुशिक्षितांत शास्त्रीय संगीताची अभिरुची वाढावी म्हणून शिक्षणाचे वर्ग चालवले आणि १८८६ मध्ये सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्यास मौलाबक्ष यांची गायनशाळा सुरू झाली. मात्र या दोन्ही उपक्रमांचा आधार संस्थानिक आणि शहरी प्रतिष्ठित वर्ग हाच होता.

विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी हा आधारच बदलला. १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे एका कीर्तनकाराच्या घरी जन्मलेल्या विष्णूच्या डोळ्यांना बालपणी फटाक्यामुळे इजा झाली आणि शालेय शिक्षण खुंटल्यावर मिरजेत बाळकृष्णबुवांकडे त्याची तालीम सुरू झाली. अनेक वर्षे शिकल्यानंतर १८९६ मध्ये पलुस्करांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. एखाद्या दरबाराच्या नेमणुकीऐवजी लोकांची देणगी, विद्यार्थ्यांची फी आणि स्वतःच्या जलशांचे उत्पन्न यांवर चालणारी ही संस्था होती. १९०८ मध्ये मुंबईतही विद्यालय निघाले. तेथील उपदेशक वर्गात विद्यार्थ्यांना काही वर्षे राहण्याजेवणाची सोय करून शिक्षक म्हणून तयार केले जाई. मिरजेत जन्मलेले विनायकराव पटवर्धन आणि बी. आर. देवधर हे याच परंपरेतले असून, देवधरांनी १९२५ मध्ये मुंबईत आणि पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यात स्वतःची विद्यालये काढली.

वर्गात शिकवायचे तर पाठांतरावर भिस्त ठेवून भागत नाही, कारण वीस मुले एकाच वेळी गुरूच्या तोंडाकडे पाहून वीस प्रकारे ऐकतात. म्हणून पलुस्करांनी स्वरलेखनपद्धती, म्हणजे स्वर व ताल कागदावर उतरवण्याची चिन्हव्यवस्था, बसवली आणि ‘संगीत बालप्रकाश’ यांसारखी क्रमिक पुस्तके लिहिली. या पद्धतीत स्वराखाली आडवी रेघ असली की तो स्वर एक मात्रा, म्हणजे लयीचा एक ठोका, टिकतो आणि रेघेच्या जागी शून्य असले की अर्धी मात्रा. याउलट विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत स्वराखालची आडवी रेघ तो स्वर कोमल, म्हणजे आपल्या मूळ स्थानाहून उतरलेला, असल्याचे दाखवते. त्यामुळे एका पद्धतीत वाढलेला विद्यार्थी दुसऱ्या पद्धतीचे पुस्तक उघडताच चकतो. चिन्हे वेगळी असली तरी दोघांचा हेतू एकच होता : गुरूच्या गळ्यात असलेला ठेवा फळ्यावर मांडता यावा.

पाचगणीचा इतिहास वेगळा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जॉन चेसन यांच्या पुढाकाराने थंड हवेचे ठिकाण म्हणून वसलेल्या या गावात पुढे युरोपीय, पारशी आणि नंतर भारतीय संस्थाचालकांच्या निवासी शाळा निघाल्या. १८९५ मधील सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट आणि १९२२ मधील संजीवन विद्यालय ही त्यांची ठळक उदाहरणे. ख्रिस्ती शाळेत प्रार्थनागीते सर्वांनी मिळून म्हणायची असल्याने समूहगान हा उपासनेचाच भाग होता, आणि निवासी शाळेत संध्याकाळचा वेळ हाताशी असल्यामुळे पियानोच्या शिकवणीलाही तो उपलब्ध होई. झांजिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला फारूख बलसारा १९५० च्या दशकाच्या मध्यास सेंट पीटर्स शाळेत आला, तेथे पियानो शिकला, गायनवृंदात गायला आणि ‘द हेक्टिक्स’ नावाच्या शाळकरी वाद्यवृंदात वाजवू लागला. पुढे फ्रेडी मर्क्युरी या नावाने तो जगप्रसिद्ध झाला, हा योगायोग मानला, तरी गायनवृंदात त्याच्या शेजारी उभी राहिलेली आणि पुढे संगीताच्या वाटेला कधीच न गेलेली मुलेही त्याच सुरात गाण्याचा सराव करत होती, ही गोष्ट शिक्षणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची ठरते.

या दोन वाटा परीक्षेच्या मुक्कामी एकमेकींच्या जवळ येतात. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजने १८७७ पासून बाहेरच्या विद्यार्थ्यांच्या श्रेणीवार संगीतपरीक्षा घेण्यास प्रारंभ केला होता आणि हा प्रघात साम्राज्यभर पसरला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी पलुस्करांचे मिरजेत निधन झाल्यावर त्यांच्या शिष्यांनी स्थापन केलेल्या गांधर्व महाविद्यालय मंडळानेही प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार अशी परीक्षांची चढती पायरी लावली. या परीक्षांमुळे गावोगावी संगीताचे वर्ग निघाले, मुलींना गाणे शिकण्यासाठी समाजमान्य कारण मिळाले आणि मिरज हे नाव असंख्य प्रमाणपत्रांवर पोहोचले. मात्र हे वर्ग शाळा सुटल्यानंतर आणि शाळेच्या भिंतीबाहेर भरत, शिवाय त्यांची फी पालकांनाच भरावी लागे. अशा रीतीने संगीताची शाळा झाली, शाळेचे संगीत मात्र झाले नाही.

शाळेने एखादी गोष्ट मनावर घेतली तर काय होऊ शकते, याचे उदाहरण याच परिसरात आहे. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या शाळांच्या दिनक्रमात आणले. शरीराचे शिक्षण प्रत्येक मुलाचे आहे, निवडक मल्लांचे नव्हे, हे त्यामागचे गृहीत होते. स्वतः कीर्तन करणाऱ्या आणि गवयांना आश्रय देणाऱ्या या राजाच्या राज्यातही गायनाला मात्र सूर्यनमस्कारांसारखे सार्वत्रिक स्थान मिळाले नाही, कारण गायन हा कलावंताचा प्रांत ही समजूत त्या काळी सर्वत्रच होती.

तरीही मराठी शाळेतून संगीत पूर्णपणे हद्दपार झाले असे म्हणता येत नाही. पाढे आणि कविता चालीवर म्हणण्याची रीत, परिपाठातील प्रार्थना व समूहगीत, हलगीच्या ठेक्यावर चालणारे लेझीम आणि स्नेहसंमेलनातील पोवाडा या रूपांनी ते टिकून राहिले. लेझीम खेळणारे मूल पावले, हात आणि ठेका यांचा मेळ घालताना मात्रा मोजत असते, जरी ‘मात्रा’ हा शब्द त्याने ऐकलेला नसला तरी. या अनौपचारिक शिक्षणाची उणीव एवढीच की त्याला पुढची पायरी नाही; पाचवीत चालीवर म्हटलेली कविता दहावीपर्यंत नुसत्या प्रश्नोत्तरांची होऊन बसते.

ही पुढची पायरी घालण्यासाठी प्रशिक्षित शिक्षक का लागतो, हे वर्गातील साध्या अडचणींवरून ध्यानात येते. गाण्याची पट्टी, म्हणजे ज्या उंचीवर षड्ज धरायचा ती उंची, हार्मोनियमच्या पट्ट्यांवरून काळी एक, काळी पाच अशी सांगितली जाते. शिक्षकाने स्वतःच्या गळ्याला सोयीची काळी एक धरली तर लहान मुलांना खाली उतरता येत नाही आणि ती गाण्याऐवजी पुटपुटतात. आठवी-नववीत मुलग्यांचा आवाज फुटतो, तेव्हा त्यांना गप्प बसवण्याऐवजी टाळी आणि ठेका सोपवायचा, हे जाणत्या शिक्षकालाच सुचते. सोळा मात्रांचा त्रिताल हातावर धरताना पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर, टाळी आणि नवव्या मात्रेवर, म्हणजे खालीवर, हात उघडा ठेवायचा असतो. हे साधताना मुलाला एकाच वेळी मोजावे लागते, ऐकावे लागते आणि शेजाऱ्याच्या पुढे धावण्याचा मोह आवरावा लागतो. एकटेपणी केलेल्या पाठांतरातून ही शिस्त क्वचितच येते. हंगेरीत झोल्टान कोदाय यांनी विसाव्या शतकात समूहगानाला शालेय शिक्षणाचा पाया मानले, त्यामागेही हाच विचार होता.

महाराष्ट्रात आज शास्त्रीय गायन-वादनाच्या परीक्षा दिलेल्या विद्यार्थ्यांना दहावीला अतिरिक्त गुण मिळतात. या तरतुदीने संगीताची प्रतिष्ठा वाढली असली, तरी तिचा लाभ बाहेरच्या वर्गाची फी भरू शकणाऱ्या घरांना अधिक होतो आणि शाळेने स्वतः शिकवण्याची निकड मात्र त्यामुळे वाढत नाही. पलुस्करांच्या परंपरेने महाराष्ट्राला क्रमिक पुस्तक, स्वरलिपी आणि शिक्षक दिले, तर पाचगणीच्या शाळांनी वेळापत्रकातील तासाचे मोल दाखवून दिले. तानसेनांची सोय परीक्षांनी केली आहे. जाणतेपणाने ऐकणारे कानसेन घडवायचे तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला येणारा गाण्याचा तास आणि तो घेणाऱ्या शिक्षकाचे पद, या दोन गोष्टींची तरतूद शाळेलाच करावी लागेल.